वाद्य वादकाचे की कंपनीचे?

जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ‘व्हीएसटी ३’ या तंत्राचा परवाना बदलला आणि ते ‘एमआयटी’ या अत्यंत उदार परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. वरवर पाहता ही केवळ तंत्रज्ञांच्या कामाची बातमी. तथापि चित्रपटांच्या पार्श्वसंगीतापासून जाहिरातींच्या धुनांपर्यंत आज जे संगीत कानी पडते, त्यातील मोठा भाग ज्या साधनांवर घडतो त्यांच्या मालकीचा प्रश्न या निर्णयाशी निगडित आहे.

व्हीएसटी म्हणजे संगीताचे मुख्य सॉफ्टवेअर आणि त्यास जोडली जाणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजेच प्लग-इन, यांच्यातील संवादाची ठरलेली भाषा. स्टाइनबर्गने ती १९९६ मध्ये आणली तेव्हा तिच्यामार्फत ध्वनीवर केवळ संस्कार करता येत. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीने खुद्द वाद्यच संगणकात आणले. ‘निऑन’ नावाचा एक साधासुधा सिंथेसायझर हे त्याचे पहिले उदाहरण. अशा वाद्याची रचना समजण्यास अवघड नाही. ऑसिलेटर हा भाग मूळ लहर निर्माण करतो, फिल्टर तिच्यातील नको ती कंपने गाळतो आणि एन्व्हलप हा भाग स्वर कसा उमटावा, किती टिकावा व कसा विरावा हे ठरवतो. १९७० च्या मिनीमूगमध्ये हे काम विद्युतमंडले करीत. प्लग-इनमध्ये ते गणिताने होते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा आकडेमोड करावी लागते, एवढेच.

या बदलाने वाद्य स्वस्त झाले, हे निर्विवाद. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. सिंग यांनी वापरलेला ‘ज्युपिटर-८’ त्या काळी सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरचा होता. आज त्याच धाटणीचे स्वर साध्या संगणकावर, प्रसंगी एक रुपयाही न मोजता काढता येतात. यामाहाचा १९८३ चा गाजलेला ‘डीएक्स-७’ हुबेहूब उभा करणारे ‘डेक्स्ड’ हे प्लग-इन विनामूल्य तर आहेच, शिवाय त्याचा स्रोतही खुला आहे.

परंतु स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. जुना ज्युपिटर-८ जपून ठेवला असेल तर आजही वाजतो. प्लग-इनच्या आयुष्याची दोरी मात्र इतरांच्या हाती असते. अ‍ॅपलने २०१९ च्या ‘कॅटालिना’ प्रणालीत ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवणे बंद केले आणि जी वाद्ये सुधारली गेली नव्हती ती त्या प्रणालीवर मुकी झाली. खुद्द स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीची दारे नव्या विकासकांना बंद केली आणि आपल्या सॉफ्टवेअरमधून तिचा आधार काढून घेण्याची घोषणा २०२२ च्या जानेवारीत केली. ‘वेव्हज’ कंपनीने मार्च २०२३ मध्ये कायमस्वरूपी विक्री थांबवून केवळ वर्गणी आकारण्याचे ठरवले. ग्राहक इतके खवळले की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. या साऱ्याचा मथितार्थ एकच : पैसे मोजून वादक जे घेतो ते वाद्य नसते, ते वाजवण्याची परवानगी असते.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कोणताही कुशल कारागीर ती पुन्हा लावून देऊ शकतो. मूळ कारागिराच्या परवानगीची गरज नसते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही मोकळीक स्रोत खुला असेल तरच मिळते. ‘सर्ज’ हा सिंथेसायझर याचा बोलका पुरावा आहे. एकेकाळी विकले जाणारे हे वाद्य त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये खुले केले. पुढे स्वयंसेवकांनी ते हाती घेतले, वाढवले आणि अ‍ॅपलने २०२० मध्ये आणलेल्या नव्या प्रोसेसरवरही चालते ठेवले.

स्टाइनबर्गच्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. बिटविग व यु-ही या कंपन्यांनी २०२२ मध्ये ‘क्लॅप’ हे पर्यायी तंत्र पहिल्यापासूनच खुल्या परवान्याखाली आणले होते. व्हीएसटी ३ साठी मात्र विकासकाला एकतर स्टाइनबर्गशी करार करावा लागे, नाहीतर आपलाही स्रोत खुला करावा लागे. ती अट आता उरली नाही. छोट्या विकासकांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा आहे. मात्र यामुळे जोडणीची भाषा खुली झाली, वाद्ये नव्हेत, याचे भान ठेवले पाहिजे. बंदिस्त प्लग-इन बंदिस्तच राहणार. त्यातही गैर काही नाही. वाद्य घडवणाऱ्यालाही पोट असते आणि श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. आक्षेप किमतीला नाही, परावलंबनाला आहे.

यास्तव संगीतकारांनी आणि ध्वनिमुद्रण संस्थांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते. संगणकातील वाद्यावर वाजवलेली प्रत्येक ओळ स्वतंत्र ध्वनिमुद्रणाच्या रूपातही जतन करावी. केवळ सॉफ्टवेअरची फाइल सांभाळून ठेवणे पुरेसे नाही. नवशिक्यांना ध्वनीचे पहिले धडे द्यायचे तर खुल्या स्रोताचा साधा सिंथेसायझर महागड्या संचाहून अधिक उपयोगी आहे, कारण त्याच्या पोटात डोकावता येते. आपली रचना वीस वर्षांनी पुन्हा उघडेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीच्या परवान्याकडे गेला, तर कलावंताच्या हाती उरते ते भाड्याचे वाद्य. सोय स्वीकारताना हा सौदा डोळसपणे करणे, एवढे तरी त्याच्या हाती निश्चितच आहे.