विश्लेषण : ऑनलाइन लिलावातली बोली खरी की बनावट? कशी ओळखायची?

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या ‘एचआर ८८ बी ८८८८’ या वाहन क्रमांकाला ऑनलाइन लिलावात १ कोटी १७ लाख रुपयांची बोली लागली. मूळ किंमत होती ५० हजार रुपये. देशातला सर्वांत महागडा नंबर म्हणून बातम्या झाल्या, रील्स फिरल्या. मुदत संपली तेव्हा मात्र पैसे भरलेलेच नव्हते आणि क्रमांक पुन्हा लिलावात काढण्याची वेळ आली. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या कोटखाई इथे ‘एचपी ९९ ९९९९’ या क्रमांकाची बोली १ हजार रुपयांवरून १ कोटी १२ लाखांच्या पुढे गेली होती. तिथेही पैसे आले नाहीत.

या दोन्ही प्रकरणांत नुकसान झालं ते सरकारी यंत्रणेच्या वेळेचं. पण त्यातून एक गोष्ट दिसली. ऑनलाइन लिलावात बोली लावायला फक्त एक बटण दाबावं लागतं, आणि ती पाळली नाही तर फारसं काही बिघडत नाही. हीच सोय एखाद्या विक्रेत्याने वापरली तर भुर्दंड थेट ग्राहकाला बसतो.

बनावट बोली म्हणजे नेमकं काय?

बनावट बोलीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात बोली लावणाऱ्याला पैसे भरायचेच नसतात. हेतू हौस, प्रसिद्धी किंवा लिलाव उधळणं असा काहीही असू शकतो. दुसरा प्रकार जास्त घातक. यात विक्रेता स्वतःच दुसऱ्या खात्यावरून किंवा मित्र, नातेवाईक, नोकर यांच्यामार्फत आपल्याच वस्तूवर बोली लावतो. याला ‘शिल बिडिंग’ म्हणतात. या डमी बोलीदाराला वस्तू नको असते, त्याला फक्त खऱ्या ग्राहकाला वर चढवायचं असतं.

समोरासमोरच्या लिलावातही हे होऊ शकतं. पण मुंबईत लालबागच्या राजाला आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो तेव्हा बोली लावणारा माणूस चारचौघांत उभा असतो. ऑनलाइन लिलावात दिसतं ते फक्त एक टोपणनाव, तेही अनेकदा अर्धं झाकलेलं. एकाच माणसाची पाच खाती असली तरी पाहणाऱ्याला ती पाच माणसं वाटतात.

किंमत कशी फुगवली जाते?

ईबेसारख्या संकेतस्थळांवर आपोआप बोली लावण्याची सोय असते. तुम्ही तुमची कमाल रक्कम सांगायची. ती गुप्त राहते आणि गरज पडेल तशी यंत्रणा तुमच्या वतीने बोली वाढवते.

समजा, जुन्या नाण्यांच्या संचाची बोली ३,२०० रुपयांवर आहे आणि तुम्ही कमाल रक्कम ८,००० टाकली आहे. दुसरा खरा इच्छुक ३,१०० वर थांबला आहे. म्हणजे संच तुम्हाला ३,२०० मध्ये मिळायला हवा. आता डमी खातं ३,५०० ची बोली लावतं, यंत्रणा तुमच्या वतीने ३,६०० करते. ते ५,००० वर जातं, तुमचे ५,१०० होतात. ते ७,५०० वर जातं, तुमचे ७,६००. इथे डमी थांबतो. तुम्हाला लिलाव जिंकल्याचा आनंद होतो, पण खिशातून ४,४०० रुपये जास्त गेलेले असतात.

अंदाज चुकून डमी तुमच्या पुढे गेला तरी विक्रेत्याकडे वाटा असतात. बोली ‘चुकून लागली’ म्हणून मागे घ्यायची, किंवा लिलाव संपल्यावर ‘विजेता मागे फिरला, तुम्हाला हवं आहे का?’ असा निरोप पाठवायचा. तोपर्यंत तुमची कमाल रक्कम त्याला कळलेली असते.

जुनी प्रकरणं काय सांगतात?

सर्वांत गाजलेलं प्रकरण मे २००० मधलं. अमेरिकेत केनेथ वॉल्टन या वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून विक्रीला ठेवलं. चित्रकाराचं नाव दिलं नव्हतं, पण छायाचित्रात ‘आरडी ५२’ अशी अक्षरं दिसत होती. हे प्रसिद्ध चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न यांचं काम असावं, असं लोकांना वाटू लागलं आणि बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या खात्यावरून बोली लावल्याचं आढळल्यावर ईबेने ही विक्री रद्द केली. तपासात कळलं की, वॉल्टन आणि त्याचे दोन साथीदार मिळून अनेक खोट्या खात्यांवरून एकमेकांच्या शेकडो लिलावांत बोली चढवत होते. पुढे वॉल्टनने गुन्हा कबूल केला आणि या प्रकरणावर पुस्तकही लिहिलं.

पण हा खेळ लाखांच्या चित्रांपुरता नाही. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये एका विक्रेत्याला ५ हजार पौंड दंड आणि २५० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. त्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच मिनीबससारख्या वस्तूंवर बोली लावली होती.

क्रिप्टोच्या काळात हा प्रकार आणखी पुढे गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘क्रिप्टोपंक ९९९८’ हे डिजिटल चित्र सुमारे ५३ कोटी डॉलरना विकलं गेल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात मालकाने काही क्षणांसाठी घेतलेल्या कर्जातून ते स्वतःच स्वतःला विकलं होतं. मोठ्या आकड्याला ‘बाजारभाव’ समजणाऱ्यांसाठी हा धडाच होता.

बनावट बोलीदार ओळखायचा कसा?

किंमत पाहून काही कळत नाही, बोलीदाराचं वागणं पाहावं लागतं. खऱ्या ग्राहकाला जिंकायचं असतं, तर डमीला जिंकायचं नसतं. बाकीच्या खुणा यातूनच निघतात. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातले संशोधक जॅरड ट्रेव्हाथन आणि वेन रीड यांनी अशाच खुणांवरून प्रत्येक बोलीदाराला गुण देण्याची पद्धत मांडली. बोलींचा इतिहास उघडून सामान्य ग्राहकालाही त्यातलं बरंच तपासता येतं.

• एकाच विक्रेत्यावर प्रेम : हे खातं बहुतेक वेळा त्याच विक्रेत्याच्या लिलावांत दिसतं. वस्तू मात्र घड्याळापासून गालिच्यापर्यंत काहीही असतात.

• सतत हार : भरपूर बोली, पण जिंकलेलं जवळपास काहीच नाही.

• लगेच उत्तर : कुणी बोली लावली की काही क्षणांत त्यावर बोली.

• छोट्या पायऱ्या : किमान वाढ करत करत समोरच्याची मर्यादा चाचपणं.

• सुरुवातीला जोर, शेवटी गायब : शेवटच्या मिनिटांत बोली लावली तर जिंकण्याचा धोका असतो, म्हणून डमी आधीच थांबतो.

• मागे घेतलेल्या बोली : मोठी बोली लावून ती काढून घेण्याचा इतिहास.

• पुन्हा तीच वस्तू : ‘विकली गेलेली’ वस्तू काही दिवसांत त्याच फोटोसह परत लिलावात येते.

यातली एखादी खूण दिसली म्हणून कुणी लबाड ठरत नाही. नवखा ग्राहकही थोडी थोडी बोली वाढवतो. एखादा संग्राहक खरोखरच एकाच विश्वासू विक्रेत्याकडून घेत असतो. तीन-चार खुणा एकाच खात्यात आणि त्याच विक्रेत्याच्या अनेक लिलावांत दिसल्या, तर संशयाला जागा आहे.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवरच्या लिलावांचं काय?

ईबेचा भारतीय मंच २०१८ मध्ये बंद झाला. आज जुनी नाणी, नोटा, खेळण्यातल्या गाड्या, साड्या यांचे कितीतरी लिलाव फेसबुक ग्रुप, इन्स्टाग्राम लाइव्ह आणि व्हॉट्सॲपवर कॉमेंटमधून चालतात. इथे बोलींचा इतिहास नसतो, कॉमेंट पुसता येते आणि लिलाव चालवणारा ॲडमिन अनेकदा स्वतःच विक्रेता असतो.

म्हणून इथे तपासणी वेगळी. बोली लावणाऱ्या खात्यावर स्वतःचे फोटो, जुन्या पोस्ट आहेत का? ते फक्त याच ग्रुपमध्ये बोलतं का? आधी जिंकलेल्या कुणी वस्तू मिळाल्याचा फोटो टाकला आहे का? लाइव्हमध्ये ‘फोनवरून एक बोली आली आहे’ असं वारंवार ऐकू आलं आणि बोलणारा कधीच दिसला नाही, तर सावध व्हावं.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी नवा कायदा शोधावा लागत नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल, तर तो हक्क त्याने आधी उघडपणे जाहीर केला पाहिजे. तसं न करता त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली असेल, तर व्यवहार रद्द करायचा की नाही हे खरेदीदार ठरवू शकतो. मात्र ‘अमुक रकमेखाली विकणार नाही’ अशी राखीव किंमत ठेवणं बेकायदा नाही.

अडचण पुराव्याची आहे. दोन खाती एकाच माणसाची आहेत हे इंटरनेट पत्ता, उपकरण आणि पैशांच्या व्यवहारांवरून कळतं, आणि ती माहिती मंचाकडे असते, ग्राहकाकडे नसते.

मग ग्राहकाने काय करावं?

सर्वांत सोपा बचाव म्हणजे आधी बाहेरचा भाव पाहणं. तशीच वस्तू यापूर्वी प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते शोधावं, आपली कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि त्यापुढे एक रुपयाही जाऊ नये. बोली लवकर लावून वाढवत बसण्यापेक्षा लिलाव संपता संपता एकदाच लावावी. तुमची मर्यादा चाचपायला डमीला वेळ लागतो, तोच त्याला मिळत नाही. ‘विजेता मागे फिरला’ असा निरोप आला तर आपली कमाल रक्कम देऊ नये. संशयास्पद बोलींच्या आधी जो भाव होता, तोच सांगावा.

संशय आल्यास पानाचे, बोलींचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट लगेच घ्यावेत आणि मंचाकडे तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल, तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करावा.