सरळमार्गी माणसाचं वाकडं स्टिअरिंग

मी भांडखोर माणूस नाही. दूध पातळ आलं तर मी चहा जरा कडक करायला सांगतो. पेपर उशिरा आला तर वाईट बातम्या तेवढ्या उशिरा कळल्या, असं म्हणून समाधान मानतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गेल्या बावीस वर्षांत मी एकदाच तोंड उघडलं आणि तेही वेफर खाण्यासाठी. पण आता मी भांडणार आहे. जगात जेवढे म्हणून लोक ‘त्याने काही होत नाही, काका’ असं म्हणतात, त्या सगळ्यांशी मला भांडायचं आहे. आणि भांडणाचं कारण आहे माझ्या गाडीचं स्टिअरिंग.

झालं असं, की पुण्याच्या रस्त्यांनी आमच्या लहानशा गाडीचे पुढचे सांधे खिळखिळे केले. खड्डा आला की पुढून ‘खडाक्’ आणि शेजारून ‘अहो, हळू!’ असे दोन आवाज एकदम यायचे. दुसऱ्या आवाजावर उपाय नाही, हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलेलं आहे. पहिल्यासाठी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोराने गाडीखाली डोकं घातलं आणि मृतांची यादी वाचावी तसं सांगितलं, “लोअर आर्म गेले, बुश गेले, टाय रॉडचे एंड गेले, शॉकअप तर कधीच गेले.” एवढे सगळे गेल्यावर माझेही पैसे गेले. चार दिवसांनी गाडी मिळाली.

खडाक् बंद झालं होतं, यात शंका नाही. पण रस्ता सरळ, गाडी सरळ आणि स्टिअरिंग मात्र वाकडं! मधलं कंपनीचं चिन्ह लग्नाच्या फोटोतल्या नवरीसारखी मान कलती करून माझ्याकडे बघत होतं. मी मान सरळ करायला गेलो की गाडी डावीकडच्या पदपथाची चौकशी करायला निघायची.

मी गाडी परत नेली. तिथून पुढे मला जी उत्तरं मिळाली, ती क्रमाने सांगतो. तुमच्याही वाट्याला ती याच क्रमाने येतील.

पहिलं उत्तर : “रस्ताच तसा आहे, काका.” या उत्तरात थोडं सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा गाडी जरा डावीकडे ओढ घेते, हे खरं. पण गाडीने ओढ घेणं वेगळं आणि ओढ न घेता नुसतं चाक वाकडं असणं वेगळं. ओढ घेत असेल तर टायरमधली हवा बघा, ब्रेक चिकटतोय का बघा. गाडी मुकाट्याने सरळ जात असेल आणि फक्त स्टिअरिंग वाकडं असेल, तर दोष रस्त्याचा नव्हे. मी गाडी एका मोठ्या सपाट मैदानावर नेऊन चालवली. तिथे कसलाही उतार नव्हता. चिन्हाची मान तितकीच कलती होती.

दुसरं उत्तर : “अलाइनमेंट केलंय ना, हा कागद बघा.” कागदावर सगळे आकडे हिरवे होते. आता मी शाळेत सदतीस वर्षं भूमिती शिकवलेली आहे. उत्तर बरोबर आणि आकृती चुकलेली अशा हजारो वह्या मी तपासल्या आहेत. मी विचारलं, “चाकं मोजताना स्टिअरिंग सरळ करून बांधलं होतं का?” पोरगा म्हणाला, “त्याची काय गरज?” म्हणजे यंत्राने पुढची दोन्ही चाकं सरळ आहेत एवढं खरं सांगितलं होतं. ती सरळ असताना स्टिअरिंग कुठे होतं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरं उत्तर : “सवय होईल.” मला या उत्तराची सगळ्यांत जास्त चीड आहे, कारण ते शंभर टक्के खरं आहे. आठ दिवसांत सवय झाली. इतकी झाली, की मेव्हण्याची धडधाकट गाडी चालवायला घेतल्यावर मला तीच वाकडी वाटायला लागली. सवय हे औषध नव्हे हो, ती नुसती भूल आहे. पुढे कधी टाय रॉडचा नट सैल झाला किंवा एखादा भाग वाकला, तर त्याची पहिली खूण स्टिअरिंग वाकडं होणं हीच असते. ते आधीच वाकडं असेल, तर नवीन दुखणं कळणार कसं?

याच सुमारास आईला डॉक्टरांकडे नेत होतो. आई शहाऐंशी वर्षांची. शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या म्हणाली, “अरे, चाक असं वाकडं का धरलंयस?” मी म्हटलं, “गाडी सरळ जायला असंच धरावं लागतं.” ती म्हणाली, “मग एक कासरा आखूड झालाय.” बैलगाडीत बसलेल्या पिढीचं बोलणं म्हणून मी हसलो आणि विसरलो. विसरायला नको होतं.

मी पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. आता माझा सूर जरा चढा होता. तेव्हा चौथं उत्तर मिळालं, तेही कृतीतून. पोराने मधला नट खोलला, स्टिअरिंग ओढून काढलं, दांड्यावरचे दोन दाते सरकवून पुन्हा बसवलं. दहा मिनिटांत चिन्हाची मान सरळ! वर एक पैसा घेतला नाही. मी चहापाण्याला पन्नास रुपये दिले. हे पन्नास रुपये मला आयुष्यात सगळ्यांत महाग पडले.

चार दिवसांनी गणपतीसाठी गावी निघालो. मागे आई, पुढे ही, डिकीत मोदकांचं सामान. ताम्हिणी घाटात धुकं उतरलेलं. एका आवळ वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तेव्हा आतून ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि समोर एअरबॅगचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणावर हॉर्न दाबला तर हॉर्न नाही. पुणेकराला हॉर्नशिवाय गाडी म्हणजे शब्दांशिवाय कीर्तन! विनोद आत्ता सुचतोय. तेव्हा धुक्यातून एक टेंपो माझ्याच बाजूने आला. त्याला मी दिसत नव्हतो आणि मला त्याला काही सांगता येत नव्हतं. मी काच खाली करून शाळेतल्या आवाजात ओरडलो. त्याने ऐकलं की आधीच पाहिलं, कोण जाणे. टेंपो वीतभर अंतरावरून गेला. गाडी बाजूला घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते. ही पहिल्यांदाच ‘हळू’ म्हणाली नाही. आई मागे डोळे मिटून बसली होती.

आता त्या ‘टक्’चा अर्थ सांगतो. स्टिअरिंगच्या मागे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पातळ वायरची पट्टी असते. एअरबॅग आणि हॉर्न यांची वीज त्या पट्टीतून जाते. ती बरोबर मध्यावर असली, तर चाक दोन्हीकडे पूर्ण फिरलं तरी पुरते. आमचं चाक बाहेर असताना ती कुणाच्या तरी हातून वेढाभर फिरली होती. घाटात एका बाजूला पूर्ण फिरवल्यावर ती कमी पडली आणि तुटली. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे ज्या चाकावर हा पोरगा पाना घेऊन चढला, त्याच्या पोटात माझा जीव वाचवायची व्यवस्था होती. ती त्याने बंद पाडली, आणि कशासाठी? तर चिन्हाची मान सरळ दिसावी म्हणून!

परत आल्यावर गॅरेजला फोन केला. पाचवं आणि शेवटचं उत्तर मिळालं : “दिव्याचं टेन्शन घेऊ नका, काका. दिवा काढून टाकू.”

यावर मी काय बोललो, ते छापण्याजोगं नाही. माझे जुने विद्यार्थी हा लेख वाचण्याची शक्यता आहे.

शेवटी एका बोळातल्या वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे ना काचेचं ऑफिस, ना कॉफीचं यंत्र. गाडी चालवून आले आणि म्हणाले, “चाक नव्हतं वाकडं, मास्तर. खालचे टाय रॉड कमीजास्त होते.” जुने बुश जाऊन नवे आले, की चाकं आपल्या मूळ जागी येतात. नवे एंड चार आटे जास्त फिरले, की एका बाजूचा टाय रॉड लांब होतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच आखूड राहतो. चालताना दोन्ही चाकं आपसांत जमवून घेतात आणि सरळ जातात. वाकडं होतं ते मधे बसलेलं स्टिअरिंग. दोन भावांच्या वाटणीत आईची मान तिरकी व्हावी, तसं.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले. नवी पट्टी मध्यावर बसवली, चाक त्याच्या मूळ दात्यांवर आणलं. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरतं ते मोजून बरोबर मधे आणलं आणि दांडा लावून तिथेच बांधून टाकलं. मग खाली शिरून दोन्ही लॉकनट सैल केले. एका बाजूचा टाय रॉड जेवढा आखूड केला, तेवढाच दुसऱ्या बाजूचा लांब केला, म्हणजे चाकांची आपसांतली मांडणी बिघडली नाही. नट आवळले, यंत्रावर तपासलं, चक्कर मारून आले. खालच्या कामाला पाऊण तास लागला. मी मनात म्हटलं, कासरा! माझ्या आईने हे निदान गाडीत बसल्या बसल्या, फुकट केलं होतं.

तर वाचकहो, माझं भांडण एका गॅरेजशी नाही. दिसणं सरळ केलं की असणं सरळ झालं, असं मानणाऱ्या वृत्तीशी आहे. भिंतीला ओल आली की आपण तिच्यावर कॅलेंडर लावतो. पोराला गणित येत नसेल तर वर्ग न बदलता क्लास बदलतो. दिवा लागला की बिघाड शोधण्याऐवजी दिवा काढतो. या सगळ्यात पैसे वाचतात, वेळ वाचतो, आणि एखाद्या दिवशी धुक्यात समोरून टेंपो येतो.

म्हणून पुढच्या सांध्यांचं काम केलंत, तर गाडी ताब्यात घेण्याआधी स्वतः चालवून बघा. चाक वाकडं दिसलं तर तिथेच उभे राहा, कागद दाखवला तरी हलू नका. कुणी वरचा नट खोलायला लागलं तर हात धरा. “खालचे टाय रॉड जुळवा, वरचं चाक आहे तिथे राहू द्या,” एवढं एक वाक्य पाठ करा. भांडखोर म्हणतील. म्हणू देत. मलाही म्हणतात.

आता गाडी सरळ चालते, चिन्हाची मानही सरळ आहे, हॉर्नही वाजतो. परवा आईला घेऊन निघालो तेव्हा मी मुद्दाम विचारलं, “आता कसं आहे चाक?” ती जरा वेळ बघून म्हणाली, “चाक ठीक आहे. तू मात्र जरा वाकडा बसलायस.”