खेळाडूची तपासणी होते, प्रेक्षकाची कधी?

आपला गोंदिया जिल्हा म्हणजे काही कोल्हापूर नव्हे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम असे पेठापेठांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि घराघरांत वाद रंगतात. तेवढे वेड आपल्याकडे नाही. पण गोंदिया पडले हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. रेल्वेच्या नोकरीत आलेल्या बंगाली कुटुंबांबरोबर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे भांडणही इथे उतरले. पुढे दूरदर्शन संचाने आणि मोबाइलने युरोपातले क्लब घरात आणून सोडले. आता कुठल्याही चौकात पाच माणसे अशी सापडतील, की जी कुठला खेळाडू कुठल्या क्लबात जावा, बचावफळीत तीन ठेवावेत की चार, यावर मध्यरात्रीपर्यंत बोलू शकतात.

माझ्या दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर अशीच एक मंडळी जमते. एक रेल्वेतला, ईस्ट बंगालचा कट्टर. एक शिक्षक, तो मोहन बागानचा. दोन कॉलेजातली मुले इंग्लंडच्या क्लबांची. आणि एक राईस मिलमधले हिशेबनीस, वय ४८, मुंबई सिटीचे भक्त. दवाखाना बंद केल्यावर मीही चहाच्या निमित्ताने तिथे टेकतो. हिशेबनीस हे त्या बैठकीचे प्रशिक्षकच. २०२० मध्ये मुंबई सिटीने एफसी गोव्याचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना आणले, त्यांच्यामागोमाग गोव्याचे काही मोहरे आले आणि मार्च २०२१ मध्ये मुंबईने आयएसएलचे विजेतेपद घेतले. ही सारी कथा ते काडेपेट्या मांडून समजावीत. कुठल्या खेळाडूची मांडी दुखावली, कुणाचा गुडघा कच्चा, सारे त्यांना तोंडपाठ.

२०२४ च्या सप्टेंबरात ठेल्यावर विषय होता अन्वर अली. या तरुण बचावपटूने मोहन बागान सोडून ईस्ट बंगालचा रस्ता धरला, त्यावरून वाद फुटबॉल महासंघाकडे आणि तिथून दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. आमचा रेल्वेवाला आणि शिक्षक हमरीतुमरीवर आले. हिशेबनीस मध्ये पडले. "अरे, हा पोट्टा आधी आमचाच होता," असे काहीसे ते म्हणत होते. त्यांचे बोलणे जड येत होते, शब्द नीट उमटत नव्हते. कुणाला काही वाटले नाही, कारण त्यांच्या गालात खर्रा होता. खर्रा तोंडात असला की माणूस असाच बोलतो! मी नुकताच उठून घरी गेलो होतो.

थोड्या वेळाने ते घरी गेले, उजवा हात बधिर वाटतो म्हणून झोपले. सकाळी उठले ते तोंड वाकडे आणि उजवी बाजू लुळी घेऊनच. मला बोलावणे आले तेव्हा रक्तदाब होता २००/११०. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. जीव वाचला. पण हात अजून पुरता चालत नाही आणि शब्द शोधावे लागतात. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तर रोज संगं बसत होते ना जी?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी चार वर्षे त्यांच्याकडून खेळाडूंच्या दुखापती ऐकल्या, पण एकदाही त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला नाही. पट्टा वीस पावलांवर होता.

आता त्या अन्वर अलीचीच गोष्ट पाहा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. पुढे मुंबई सिटीने त्याला घेतले. २०१९ मध्ये तपासणीत त्याच्या हृदयाचा स्नायू टोकाकडे जाड असल्याचे आढळले. त्याला कसलाही त्रास होत नव्हता! धावत होता, उड्या मारीत होता. खेळ थांबला, महासंघाने सरावालाही मनाई केली, प्रकरण न्यायालयात गेले, तज्ज्ञांची मते घेतली गेली, आणि अखेर परवानगी मिळून २०२२ मध्ये तो एफसी गोव्याकडून खेळला व भारतीय संघातही आला. त्याने खेळावे की नाही यावर डॉक्टरांत मतभेद असतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. तपासणी झाली म्हणून दोष कळला.

मोठ्या क्लबांचा रिवाजच असा आहे की, वैद्यकीय तपासणी झाल्याखेरीज करारावर सही होत नाही. पैसा गुंतवणारा क्लब विचारतो, हे हृदय, हे गुडघे आम्हाला पुरतील ना? आपल्या घरातल्या कर्त्या माणसावर तर सारे घर गुंतलेले असते. त्याच्याबद्दल हा प्रश्न कोण विचारतो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर आता गप्पांवरही बंदी घालणार काय? मुळीच नाही. दिवसभर हिशेब, उधारी, पोरांची फी यांत पिचलेल्या माणसाला चार मित्रांत मोकळेपणी बोलायला मिळणे हे आरोग्याचेच आहे. एकटा पडलेला माणूस लवकर खंगतो. दोष वादाचा नाही. दोष त्या वादाच्या सोबतीला येणाऱ्या तीन गोष्टींचा आहे.

पहिली, न मोजलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून तो नाही असे आपण धरून चालतो. जर्मनीत २००६ मध्ये विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिकच्या परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजदाद केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या सुमारे २.६६ पट होते. पुरुषांत तर तिपटीहून अधिक. सर्वाधिक गर्दी सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत. ज्यांना हृदयविकार आधीच होता, त्यांना धोका जास्त. म्हणजे सामना केवळ काडी ओढतो, दारू आधीच भरलेली असते.

दुसरी, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आपल्या विदर्भाचा शाप आहे. त्यातील निकोटिनने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. सुपारीने गालाची आतली त्वचा दोरखंडासारखी ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची भीती राहते. आत्ता हा लेख वाचता वाचता आपली तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जा. उद्या नको, आज.

तिसरी, जागरण. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. सामना संपतो तीनच्या सुमारास, मग त्यावर चर्चा, आणि सकाळी सातला मिलचा भोंगा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. महिन्यातून एखादा सामना बघा, प्रत्येक नको. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल चालवायची असेल तर तोही नको.

आता हिशेबनिसांच्या प्रकरणावरून शिकायचे ते शिकू. बोलता बोलता कुणाचे शब्द अडखळले, तोंड एका बाजूला ओढले गेले, दोन्ही हात समोर धरायला सांगितल्यावर एक हात खाली पडू लागला, तर तो पक्षाघात समजा. तोंडात खर्रा असेल तर आधी थुंकायला लावा आणि पुन्हा बोलायला सांगा. चेहरा, हात, बोलणे या तिन्हींपैकी एक जरी बिघडलेले दिसले तरी झोपू देऊ नका, तेल चोळत बसू नका. वेळ घड्याळात बघून ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. रात्र झोपेत गेली की ती संधीही गेली.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. १२०/८० च्या खाली उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर उपचार हवा. गोळी सुरू झाली की "आता बरे वाटते" म्हणून ती बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच.

आमच्या ठेल्यावर आता एक नियम केला आहे. दर रविवारी मी यंत्र घेऊन जातो. ज्याला कुणाची बदली सुचवायची असेल, त्याने आधी दंड पुढे करायचा. पहिल्याच रविवारी पाचांपैकी दोघांचा आकडा चढलेला निघाला. त्यात एक शिक्षक होते आणि दुसरा मी.

हिशेबनीस काठी टेकीत येतात. डाव्या हाताने काडेपेट्या मांडतात. बोलायला वेळ लागतो, पण आम्ही थांबतो. आपल्या चौकातही असे कुणी ज्ञानी गृहस्थ असतील. त्यांना हे विचारा, की भाऊ, साऱ्या संघाचे सांगता, तुमचा आकडा किती?