सही पालकाची, पण मत मुलाचेही!

मनाच्या आजारासाठी पोराला दवाखान्यात नेले की डॉक्टर बापाशी बोलतात, बाप मान डोलावतो आणि पोरगा गप्प बसून राहतो. ज्याचे दुखणे, त्यालाच कोणी विचारत नाही. ज्या समाजाचे निर्णय हजारो वर्षे दुसऱ्यांनी घेतले, त्याने तरी आपल्या घरात हे चालू देता कामा नये.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा त्याने दिलेला हक्क आहे. प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवू शकते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालक सही करतात. पण त्यांना दाखल करताना मुलाची इच्छा समजत असेल तर ती विचारात घ्यावीच लागते. मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवण्याचे बंधनही आहे.

हे आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. केसपेपरवर 'झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही' एवढेच येते. वर्गात, वसतिगृहात जातीवरून झालेला अपमान त्यात येत नाही. तो मुलगाच सांगू शकतो. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतरही हे कळणार नसेल तर कधी कळणार? अर्थात, प्रत्येक आजाराचे मूळ अन्यायातच असते असे नाही. गोळ्या लागतात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात.

कुटुंबाशिवाय उपचार टिकत नाहीत. गोळ्या वेळेवर देणारी, मजुरी बुडवून रांगेत उभी राहणारी आईच असते. पण लोकलाजेपायी आजार लपवणारे आणि देवऋषीकडे नेणारेही घरचेच असतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण त्यात गेले. अशा ठिकाणी रुग्णाला आणून सोडणारे बहुधा नातलगच असतात. त्याला विचारलेले नसते.

म्हणून बुद्धविहारांतून, महिला मंडळांतून हा कायदा वाचला गेला पाहिजे. डॉक्टरांना मुलासमोर विचारा: आजार कोणता, गोळीचा परिणाम काय, दुसरा मार्ग आहे का? मग मुलाला बोलू द्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक घराघरांत लिहून ठेवा.

स्वाभिमानाची चळवळ आजारी माणसाच्या खाटेपाशी थांबत नाही. जयभीम!