पाचव्या पातळीचा हट्ट

लातूर-नांदेडच्या पालकांना हे झोंबेल, तर झोंबू द्या. माणसाने पुढच्या वर्षांची आखणी कशी करावी, हे तुमच्यापेक्षा आइसलँडमधल्या एका गेम कंपनीला जास्त कळतं.

मी नांदेडला राहतो आणि बरीच वर्षं ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने २००३ साली काढलेला हा अंतराळातला खेळ. यात कौशल्य गोळ्या झाडून वाढत नाही, घड्याळाने वाढतं. काय शिकायचं त्याची रांग लावून ठेवायची. कॉम्प्युटर बंद असो की आपण झोपलेलो असो, शिकणं चालूच राहतं. त्यामुळे सगळं डोकं आखणीतच लागतं. सहा महिन्यांनी कोणतं जहाज चालवायचंय, त्याला काय लागतं, काय अजिबात लागत नाही.

प्रत्येक कौशल्याच्या पाच पातळ्या. सगळ्यात हलक्या कौशल्याची चौथी पातळी ४५,२५५ गुणांवर पुरी होते, पाचवी २,५६,००० वर. एकूण वेळेतले पाचातले चार भाग ही एकटी शेवटची पायरी खाते. देते किती? बहुतेक ठिकाणी आधीच्या पायरीने दिलं तेवढंच. भारी जहाजाचं कौशल्य असलं तर महिनाभर रांग अडवून बसते. म्हणून जाणता खेळाडू चौथीवर थांबतो आणि दुसरं काही शिकायला घेतो. पाचवीला हात घालतो तो तिच्यावाचून दार उघडत नसेल तिथेच, आणि त्या दारातून त्याला स्वतःला जायचं असेल तरच.

हाच पाचवीचा हट्ट मी घरात बघतोय. ताईचा मुलगा लातूरला ‘नीट’चं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, तिसरं वर्ष करतोय. दिवाळीत मी विचारलं, “तुला डॉक्टर व्हायचंय ना रे?” तो म्हणाला, “मामा, हे मला कुणी विचारलंच नाही.” गणितात रमणारं पोरगं, अकरावीला गणितच सोडायला लावलं. चाळीस मार्क वाढले की झालं, असं क्लासवाल्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तेच सांगितलं आणि फी पुन्हा पूर्ण घेतली.

मेडिकलच्या सीट मोजक्या आहेत, शेवटचे चाळीस मार्कच सीट देतात, हे मला मान्य आहे. म्हणून तर राग येतो. खेळात पाचवी पुरी केली की दार उघडतंच. इथे तीन वर्षं ओतूनही उघडेलच असं नाही, कारण शेजारच्या खोलीतला पोरगाही तेच चाळीस मार्क वाढवत बसलाय. मग दुसरी वाट आधीपासून आखून ठेवायला नको? ईव्हमध्ये बुद्धी, स्मरणशक्ती अशा पाच गुणांची वाटणी वर्षातून एकदा बदलता येते, आणि दिशा बदलली म्हणून आधीचं शिकलेलं कुणी हिसकावून घेत नाही. आमच्या घरांत दिशा बदलणाऱ्याला नापास म्हणतात.

प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने परीक्षेच्या कसून तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ उभा केला, मराठवाड्याच्या खेड्यातलं पोर पुण्या-मुंबईच्या पोरांपुढे ताठ उभं राहिलं. त्याचा मला अभिमान आहे. त्याच नावाखाली आज हजारो पोरांच्या गळ्यात एकच रांग बांधली जाते, हे मला सहन होत नाही.

मेमध्ये पेपर झाला की मी लातूरला जाणार आहे. दाजी चौथ्या वर्षाची फी भरतील, त्याच्या आत मला त्यांच्यासमोर बसायचंय, पोराला शेजारी घेऊन.