गडद सोफ्याची बाजू

प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि परीक्षांच्या गर्दीत कॉलेजच्या मासिकात सोफ्यावर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. विषय घरगुती आहे हे कबूल. पण त्यात आपला एम-वन आहे, थोडं फिजिक्स आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आई-वडिलांचा एक जुना हट्टही आहे. म्हणून वाचा. नाहीतरी सबमिशन उद्यावर ढकललेलंच असणार!

दिघी गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतर इथे इमारती उभ्या राहिल्या त्या राहतच आहेत. एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला लष्कराची हद्द आणि मधून आळंदीचा रस्ता. इथे फ्लॅट घेणारा माणूस एक तर शिफ्टला जाणारा असतो, नाही तर फौजेतून निवृत्त झालेला. हॉल साधारण दहा बाय तेराचा. त्यात येतो तीन जणांचा सोफा. आणि तो बहुतेक वेळा गडद असतो: कॉफी, मरून, बॉटल ग्रीन, नाही तर नेव्ही ब्लू. कारण एकच, "मळ दिसत नाही."

महिनाभर कौतुक होतं. मग कुणीतरी नातेवाईक येतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "छान आहे हो, पण हॉल जरा अंधारा वाटतो." झालं! त्या दिवसापासून सोफा आरोपीच्या पिंजऱ्यात. काही घरांत तो वर्षभरात निम्म्याहून कमी किमतीला विकला जातो आणि पुन्हा हप्त्यांवर फिक्या रंगाचा येतो. माझं स्पष्ट मत आहे की यात सोफा निर्दोष आहे. हॉलमध्ये अंधार येतो तो गडद सोफ्यामुळे नाही, मॅचिंगमुळे.

आधी हिशोब करू. हॉल तीन मीटर बाय चार मीटर, उंची तीन मीटर धरा. भिंतींचं क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर, छत १२, फरशी १२. एकूण ६६. दारं-खिडक्या सोडून देऊ, आपल्याला फक्त अंदाज हवा आहे. तीन जणांच्या सोफ्याची बैठक, पाठ, हात आणि पुढची बाजू मिळून दिसणारा भाग चार चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे ६६ मधले ४. बिचाऱ्याचा वाटा सहा टक्के!

आता प्रकाश. पांढरट भिंत पडलेल्या उजेडापैकी ७० टक्के परत फेकते असं धरा, छत ८० टक्के, फिकी फरशी ४० टक्के. सरासरी येते ६६ टक्के. दिव्यातून निघालेला उजेड एकदा भिंतीवर आपटून संपत नाही. तो परततो, दुसऱ्या भिंतीवर जातो, पुन्हा परततो. दर वेळी थोडा कमी होतो. ही आपली ओळखीची जिओमेट्रिक सिरीज. तिची बेरीज १ भागिले (१ वजा ०.६६), म्हणजे जवळजवळ तीन. थोडक्यात, पांढरट खोलीत एका दिव्याचं काम तिप्पट होतं.

या खोलीत फिका सोफा काढून गडद ठेवला, तर सरासरी ६६ वरून ६४ टक्क्यांच्या आसपास येते आणि उजेड पाच-सहा टक्क्यांनी कमी होतो. इतका फरक डोळ्यांना कळतही नाही. पण सोफ्याला मॅचिंग म्हणून चार मीटरची एक भिंत कॉफी रंगाने रंगवली, तर उजेड जवळजवळ पावभर जातो. आणि चारही भिंती गडद केल्या, तर मूळच्या निम्माही उरत नाही. त्यावर पुन्हा मॅचिंग म्हणून जाड मरून पडदे. म्हणजे दिवसाचा फुकटचा उजेडही दारातच अडवला. एवढं सगळं करून आपण शिव्या मात्र सोफ्याला देतो!

हे गणित मी करायला बसलो, कारण भांडण आमच्याच घरी लागलं होतं. माझं घर दिघीतच आहे. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. फौजी घरांतल्या मुलांना वेगळं सांगायला नको की आमच्या लहानपणी 'सोफा' म्हणजे काळ्या ट्रंका. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग. वडिलांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या त्या लोखंडी पेट्या नव्या क्वार्टरमध्ये उतरायच्या. दोन ट्रंका शेजारी शेजारी, वर गादी, गादीवर सोलापुरी चादर, की झाली पाहुण्यांची सोय. बाकीचं फर्निचर सरकारी. त्यावरही नंबर. निवृत्तीनंतर वडिलांनी स्वतः दुकानात जाऊन, हात फिरवून, बसून बघून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे हा कॉफी रंगाचा सोफा. सोबत रंगाऱ्याच्या सल्ल्याने मागची भिंतही कॉफी झाली. मग पाहुण्यांचे अभिप्राय सुरू झाले आणि आई म्हणाली, "अहो, विकून टाका हा. फिका घेऊ दुसरा." वडील एवढंच म्हणाले, "आयुष्यभर मिळेल त्यावर बसलो. हा मी निवडलाय."

तेव्हा लक्षात आलं की वाद रंगाचा राहिलेला नाही. आईला घरात उजेड हवा आहे आणि वडिलांना त्यांची निवड. दोघांचंही म्हणणं रास्त आहे, आणि गणित सांगतं की दोन्ही एकाच खोलीत बसू शकतं. सोफा राहिला, भिंत बदलली. गडद भिंत पांढरी करायची तर आधी प्रायमर मारावा लागतो आणि नंतर दोन-तीन हात द्यावे लागतात. हॉस्टेलचे तिघं रोलर मारायला आले, दोन रविवार गेले आणि मजुरी म्हणून आईने पोहे आणि एकदा मटण खिलवलं. त्यांची मेसमधून सुटका झाली ती वेगळीच.

गडद रंगाची आपल्याला एवढी भीती का वाटते, हे मला कळत नाही. आपल्याच घरांत गडद आणि पांढऱ्याचा मेळ पूर्वीपासून आहे. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात आणि तिच्यावर हलव्याचे दागिने घालतात. तोच पांढरा हलवा पांढऱ्या साडीवर घातला तर दिसेल तरी का? वारली चित्रं बघा. गेरूने सारवलेल्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. भिंत गडद म्हणून रेघ बोलते. पुण्यातला विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. त्याचे काळपट लाकडी खांब कोंदट वाटत नाहीत, कारण जोडीला मोकळे चौक आहेत. आणि गावाकडे पाहुणा आला की काय अंथरतात? घोंगडी. तीही काळीच. पण ती अंथरायची ती स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर, ओसरीच्या उजेडात. म्हणजे गडद बैठक ही काही शोरूमवाल्यांनी आणलेली फॅशन नाही. तिच्या भोवतीचा उजेड तेवढा आपण विसरलो.

मग गडद सोफा असलेल्या हॉलमध्ये करायचं काय? मला जमतंय ते सांगतो. इंटिरियरवाल्याची फी वाचली समजा.

पहिलं म्हणजे सोफ्यामागची भिंत पांढरी, दुधी, नाही तर फिकट पिवळसर ठेवा. गडद वस्तू गडद भिंतीत बुडते आणि फिक्या भिंतीवर नीट उठून दिसते. दुसरं, पडदे सुती आणि पातळ घ्या. दिवसा ते पूर्ण बाजूला सरकायला हवेत. त्यासाठी पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा वीतभर दोन्ही बाजूंना लांब लावा. तिसरं, सोफा खिडकीला पाठ करून ठेवू नका. खिडकीचा उजेड बाजूने सोफ्यावर पडला की कापडाचा खरा रंग दिसतो. पाठीमागून आला तर सोफा काळा ठोकळा दिसतो आणि त्यावर बसलेल्या माणसाचा चेहराही दिसत नाही. चौथं, दिवा. आपल्याकडे सरसकट ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक एलईडी लावतात. कॉफी किंवा मरून रंग त्यात राखेसारखा दिसतो, कारण या रंगांना परत फेकायला लागतो तो तांबूस उजेड त्या दिव्यात कमी असतो. अभ्यासाच्या टेबलावर तो दिवा ठीक आहे. सोफ्याजवळ ३००० केल्व्हिनचा एक पिवळसर दिवा लावा आणि फरक बघा.

पाचवं, शक्य असेल तर पाय असलेला सोफा घ्या. खालची फरशी दिसत राहिली की खोली मोकळी वाटते आणि मुख्य म्हणजे झाडू आत जातो. सहावं, नवीन कुशन घ्यायला धावू नका. आईच्या जुन्या इरकलीचे काठ, खणाचं कापड, नाही तर फाटलेल्या सोलापुरी चादरीचा चांगला उरलेला भाग, यांच्या दोन-तीन उशा पुरेत. दहा उशा ठेवल्या तर माणसाने बसायचं कुठे? आणि हो, सोफ्याच्या पाठीवर टाकलेल्या क्रोशाच्या पांढऱ्या रुमालांची आपण फार चेष्टा करतो. मी त्या रुमालाच्या बाजूने आहे. तो गडद कापडावर खुलतो आणि डोक्याचं तेल कापडाला लागू देत नाही. शोभा आणि उपयोग दोन्ही एकाच वस्तूत. आपल्या डिझाइनच्या पेपरात याहून वेगळं काय विचारतात?

आता "मळ दिसत नाही" या समजुतीबद्दल. हे अर्धंच खरं आहे. चहाचा आणि तेलाचा डाग गडद कापडावर लपतो. पण धूळ लपत नाही, उलट उठून दिसते. दिघी-मोशी भागात राहणाऱ्याला बांधकामाची धूळ काय असते ते सांगायला नको. एकरंगी मखमली कापडावर बोट फिरवलं तर नाव लिहिता येतं. त्यापेक्षा दोन-तीन छटांचे धागे मिसळलेलं जाडसर विणीचं कापड बरं, धूळ आणि डाग दोन्ही त्यात जिरतात. रेक्झिन पुसायला सोपं, पण एप्रिल-मे मध्ये पाठीला चिकटतं आणि काही वर्षांनी त्याचे पोपडे निघतात. शिवाय डाग दिसत नाही याचा अर्थ डाग नाही असा होत नाही. आठवड्यातून एकदा झटकायला हवाच, रंग कुठलाही असो.

फिक्या सोफ्यावाल्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते ऐकायला हवं. ज्या हॉलला एकच लहान खिडकी आहे आणि तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. अशा घरात सोफा अजून घ्यायचाच असेल, तर फिका घ्यावा, माझी हरकत नाही. पण जो घेऊन झाला आहे, ज्याचे हप्ते चालू आहेत, तो केवळ रंगासाठी विकणं हे मला पटत नाही. एक डबा रंग आणि एक दिवा यांत जे काम होतं, त्यासाठी हजारो रुपये मोजायचे? कॉस्टिंगच्या सरांना विचारून बघा.

माझा खरा राग मात्र प्लास्टिकवर आहे. सोफा येतो, त्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक तसंच राहतं, नाही तर वर जाड चादर पडते. का, तर पाहुणे येतील तेव्हा काढू. बारा तासांची शिफ्ट करून आलेला माणूस खाली सतरंजीवर नाही तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, मुलं जमिनीवर अभ्यास करतात आणि वर्षातून चार वेळा येणाऱ्या चार लोकांसाठी सोफा राखून ठेवलेला असतो. ज्यांच्या पैशातून तो आला, त्यांनीच त्यावर टेकायचं नाही! वन बीएचकेमध्ये हॉल हीच बैठक, तीच अभ्यासाची खोली आणि रात्री तीच झोपायची खोली. तिथली सर्वांत मोठी वस्तू पाहुण्यांच्या नावावर करणं परवडणारं नाही. खोली सजवायची ती रोज बसणाऱ्यासाठी. पाहुण्यांना त्यात जागा होतेच.

हॉस्टेलच्या खोलीत सोफा नसतो हे मला माहीत आहे. लोखंडी पलंग, त्यावर गादी आणि कोपऱ्यात एक ट्रंक असते. पण नियम तोच. कपाटावरचे काळपट पोस्टर खिडकीवर चिकटवू नका, पडदा दिवसा सरकवा, ट्रंकेवर एक उजळ चादर टाका. आणि सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. सोफ्यावर प्लास्टिक असेल तर ते ओढून काढा आणि वडिलांना म्हणा, "बाबा, इथे बसा." सरांनी आणि मॅडमनीही आपापल्या क्वार्टरमध्ये हा प्रयोग करून बघायला हरकत नाही. व्हायवात विचारणार नाही!