संगणकाचा पडदा रुसला तर

कराडच्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र समोर आहे. त्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचा संगणक आहे. सकाळी त्यावर मुलगी अभ्यास करते, दुपारी त्या स्वतः मसाल्यांच्या ऑर्डरी आणि हिशेब मांडतात. एका रात्री यजमानांनी संगणक बंद करताना ‘अपडेट’ होऊ दिले. दुसऱ्या दिवसापासून पडदा लुकलुकायला लागला, मध्येच काळा होऊ लागला. दुरुस्तीवाला आला, पाच मिनिटे खाटखुट केली आणि म्हणाला, ‘‘वहिनी, ग्राफिक कार्ड उडालंय. नवीन टाकू, नाहीतर फॉरमॅट मारून बघतो.’’ त्या लिहितात, ‘कार्डाचे पैसे एक वेळ देईन हो, पण फॉरमॅट मारला तर सासूबाईंचे सगळे फोटो जातील असं मुलगी म्हणते. सासूबाई दिवाळीनंतर वारल्या. काय करू?’

ताई, त्या भल्या माणसाला चार दिवस थांबायला सांगा. तुमची मुलगी बरोबर बोलते आहे. फोटो कार्डात नसतात, ते डिस्कवर असतात, आणि फॉरमॅट म्हणजे ती डिस्क धुऊन काढणे. कार्ड खरोखर उडाले असेल तर फॉरमॅट मारून ते दुरुस्त होणार नाही; आणि उडाले नसेल तर नवे घ्यायचे कशाला? पडदा अधूनमधून दिसतो आहे तोवर पहिले काम एकच. पेन ड्राइव्ह लावा आणि फोटो नि हिशेब त्यावर उतरवून घ्या. बाकीचे नंतर.

आता हा ‘ड्रायव्हर’ कोण ते पाहू. संगणकातले विंडोज आणि चित्र पडद्यावर पाठवणारे कार्ड या दोघांची भाषा एक नाही. समजा, एक मराठी बोलतो आणि दुसरा कानडी. मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. वस्तू नव्हे, नुसता प्रोग्राम. अपडेटमध्ये कधी कधी जुना दुभाष्या जाऊन नवा येतो, आणि त्याचे या कार्डाशी जमत नाही. मग चित्र थरथरते, काळे होते, व्हिडिओ लावला की अडकते. काल रात्रीपर्यंत ठीक असलेला पडदा अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी बिघडला, तर आधी संशय दुभाष्यावर घ्यायचा, कार्डावर नाही.

नुसत्या संशयावर जायलाही नको. घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. संगणक चालू केल्याबरोबर कंपनीचे नाव किंवा चिन्ह दिसते ना, ते नीट पाहा. त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर कामाला लागलेलाच नसतो. तिथे चित्र स्वच्छ असेल आणि विंडोज आल्यावरच त्रास सुरू होत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. पण पहिल्याच चिन्हावर आडव्या रेघा, रंगीत ठिपके दिसले, तर वायर, मॉनिटर किंवा कार्ड यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. दुसरी परीक्षा लुकलुकण्याची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची चौकट उघडेल. बाकीच्या पडद्याबरोबर तीही लुकलुकली तर ड्रायव्हर. ती एकटी स्थिर राहिली तर एखादा प्रोग्राम त्रास देतो आहे.

आणि हो, वायर! हसू नका. एका दिवाळीच्या साफसफाईत मी संगणकाच्या मागची सगळी वायरिंग काढून पुसली आणि पुन्हा लावली. पडदा काळा. आमचे हे म्हणाले, ‘‘तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?’’ माणूस बोलावला, त्याने मॉनिटरची वायर वरच्या भोकातून काढून खालच्या भोकात घातली आणि तीनशे रुपये घेऊन गेला. वेगळे कार्ड असले की डब्याच्या मागे मॉनिटरच्या वायरीसाठी दोन ठिकाणे असतात. एक वर, उभ्या पट्टीत, की-बोर्ड नि माऊसच्या जवळ. दुसरे खाली, आडव्या पट्टीत. कार्ड असेल तर वायर खाली. निळ्या तोंडाची जुनी वायर असेल तर तिचे दोन्ही स्क्रू पिळून घट्ट करा. हे सगळे भिंतीवरचे बटण बंद करून, बरं का.

वायर ठीक असेल तर की-बोर्डवर विंडोजची खूण असलेले बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि इंग्रजी बी अशी चार बटणे एकदम दाबा. पडदा क्षणभर मिटतो, ‘टूं’ असा आवाज येऊ शकतो आणि चित्र परत येते. याने ड्रायव्हर झोपेतून उठल्यासारखा पुन्हा सुरू होतो. उघडी कामे बंद होत नाहीत. पडदा एकाएकी काळा झाला तर घाबरून मेन स्विच बंद करण्याआधी हे करून पाहावे.

तेवढ्याने भागले नाही तर जुना दुभाष्या परत बोलवायचा. स्टार्टच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबा, यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. त्यात ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ ही ओळ असते. ती उघडली की खाली कार्डाचे नाव दिसते. ते नाव आधी वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या, पुढे लागेल. (दोन नावे दिसली तर दोन्ही उतरवा, पुष्कळ लॅपटॉपांत तशी असतात.) नावावर दोनदा टिचकी मारा, वरच्या पट्टीत ‘ड्रायव्हर’ निवडा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. कारण विचारेल, कोणतेही निवडा. पडदा काही क्षण काळा होईल, हात जोडून बसा, काही दाबू नका. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करा. पडदा शांत झाला, तर ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन विंडोज अपडेट थोडे दिवस ‘पॉज’ करून ठेवा. नाहीतर तोच पाहुणा पुन्हा दारात येतो.

कधी ते ‘रोल बॅक’चे बटण फिकट असते, दाबले जात नाही. म्हणजे जुना ड्रायव्हर संगणकाने ठेवलेलाच नाही. अशा वेळी लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या आणि डब्याचा संगणक असेल तर इंटेल, एएमडी किंवा एन्व्हिडिया यांपैकी ज्याचे कार्ड असेल त्याच्याच अधिकृत ठिकाणाहून ड्रायव्हर घ्यावा. वहीतले नाव इथे कामी येते. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर फुकट दुरुस्त करू’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. दारावर येऊन भांडी चकाकवून देणाऱ्यांइतकाच त्यांच्यावर विश्वास ठेवा. शिवाय सगळ्यात नवा तोच चांगला, असेही नाही. एन्व्हिडियाच्या जीटी ७१०सारख्या जुन्या कार्डांसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर निघणे २०२१ साली थांबले आणि सुरक्षेपुरती डागडुजी सप्टेंबर २०२४पर्यंत चालली. अशा कार्डाला ४७० या मालिकेतला जुनाच ड्रायव्हर चालतो.

पडदा इतका काळा की काहीच दिसत नाही, तर? मग ‘सेफ मोड’. यात विंडोज स्वतःचा साधा, कुठल्याही कार्डाशी जमवून घेणारा ड्रायव्हर वापरते. थोडे दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रीस्टार्ट’ आणि शेवटी चारचा आकडा. काहीच दिसत नसेल तर विंडोज सुरू होऊ लागताच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून बंद करायचे. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की संगणक आपणहून दुरुस्तीचा पडदा काढतो. पण एक सावधगिरी. काही संगणकांची डिस्क कुलूपबंद असते आणि अशा वेळी ते ४८ आकडी किल्ली मागतात. ज्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज उघडता, त्यातच ती बहुधा साठवलेली असते. फोनवरून पाहून आधीच वहीत लिहून ठेवा. सेफ मोडमध्ये अक्षरे ओबडधोबड दिसतील, पण फोटो तिथूनही पेन ड्राइव्हवर उतरवता येतात आणि ‘रोल बॅक’ही करता येते. झाले की नेहमीसारखे रीस्टार्ट करायचे. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. कारण वेगळे होते, पण त्यातले पुष्कळ संगणक सेफ मोडमध्ये जाऊनच सुरू करावे लागले. तेव्हा यजमानांनी चुकीचे बटण दाबले असेल, म्हणून घरात वाद नको.

ताई, एवढे करूनही पडदा रुसलेलाच राहिला आणि कार्ड खरेच गेले असेल, तरी लगेच नवे घेऊ नका. बऱ्याच प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोय आतच असते. दुरुस्तीवाल्याला सांगा, कार्ड काढ आणि मॉनिटरची वायर वरच्या भोकात लावून दाखव. मसाल्याचा हिशेब आणि मुलीचा अभ्यास त्यावर आरामात होतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असेल तर मात्र ही सोय नसते. आणि फॉरमॅटचा विषय निघालाच, तर पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून, सासूबाईंचे फोटो एकेक करून पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका.

सोलापूरच्या एका भगिनी विचारतात, ‘आमचा पडदा लुकलुकत नाही, पण सगळी अक्षरे एकाएकी मोठी झाली आणि चित्रं ताणल्यासारखी दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला की काय?’ नाही हो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिले आहे का ते पाहा. तसे असेल तर दुभाष्या निघून गेला आहे आणि विंडोज एकटेच वेळ मारून नेते आहे. ‘विंडोज अपडेट’मधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का पाहा, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे कंपनीकडून घ्या. चष्मा आहे तोच राहू दे.